कोल्हापुरी चप्पल आणि नफा-तोट्याचा पाठ : हातकामाची किंमत कशी काढायची?



सहावीच्या गणितात नफा-तोटा आपण सगळेच शिकवतो. खरेदी किंमत, विक्री किंमत, वजाबाकी आणि मग शेकडा नफा. उदाहरणंही ठरलेली असतात. कुणी आंब्याची पेटी घेतो, कुणी सायकल विकतो. मीही बरीच वर्षं तसंच शिकवलं. गेल्या वर्षी मात्र वाटलं, आपण कोल्हापूरचे, आपल्या गावचीच वस्तू घेऊ या. म्हणून वर्गात कोल्हापुरी चप्पल आणली. तेव्हा माझ्याच वर्गातल्या एका मुलीने असं काही विचारलं की हा पाठ मला नव्याने शिकावा लागला.

आज तेच सांगणार आहे. चप्पल कशी घडते, चामडं कसं ओळखायचं, किंमत कशी लावायची आणि माल कुठे विकायचा, हे सगळं क्रमाने येईल. ज्यांच्या घरात हातकाम चालतं त्या पालकांना हिशेब उपयोगी पडेल. शिक्षकांनी सोबत माझी चूकही वाचावी, म्हणजे ती पुन्हा कुणी करणार नाही.

क्षेत्रभेट : चप्पल कशी घडते?

पाठाआधी आम्ही मुलांना घेऊन एका कारागिराच्या घरी गेलो. घर आमच्याच वर्गातल्या एका मुलीचं. वर्षाच्या सुरुवातीला मी सगळ्यांना विचारलं होतं, "घरी काय काम करतात?" तेव्हा ती म्हणाली होती, "बिझनेस." पुढे काही बोलली नव्हती. क्षेत्रभेटीचं ठरलं तेव्हा मधल्या सुट्टीत ती जवळ आली आणि हळूच म्हणाली, "बाई, आमच्यातच चला की. मी बाबांना विचारून येतो."

मुलांनी तिथे जे पाहिलं ते थोडक्यात असं :

१. तळासाठी म्हशीचं जाड चामडं आणि वरच्या बारीक कामासाठी, वेण्यांसाठी शेळीचं मऊ चामडं वापरतात. हे चामडं बाभळीची साल आणि हिरडा यांच्या पाण्यात कमावलेलं असतं. जुन्या पद्धतीत कातड्याचीच पिशवी शिवतात, ती टांगून तिच्यात हे पाणी भरतात. या कामाला महिनाभर किंवा त्याहून जास्त दिवस लागतात.

२. तळाचं चामडं आधी पाण्यात भिजवतात आणि मग ठोकतात. ठोकल्याने ते घट्ट होतं आणि चप्पल जास्त टिकते. घाईत ही पायरी गाळली तर तळ लवकर पसरतो.

३. पुठ्ठ्याचा नमुना ठेवून रापीने कापतात. एकाच कातड्याचा सगळा भाग सारखा नसतो. पाठीकडचा भाग घट्ट, पोटाकडचा सैल. घट्ट भाग तळाला घ्यायचा, हे नजरेनेच कळावं लागतं.

४. वरचा तळ आणि खालचा तळ यांच्यामध्ये दोन्ही बाजूंचे कान बसवतात. मग आरीने भोकं पाडून चामड्याच्याच वादीने शिवतात. अस्सल जोडात खिळा नसतो.

५. त्यानंतर पट्टा, अंगठा, वेणी, गोंडा. वेणीचं काम बहुतेक घरांत बायका करतात. त्या दिवशीही मुलीची आई आणि आजी उंबऱ्याजवळ बसून वेण्याच घालत होत्या.

६. शेवटी कडा घासून गुळगुळीत करतात आणि तेल लावतात. तेल मुरलं की तो ओळखीचा तांबूस रंग येतो.

मुलांना सगळ्यात जास्त आवडली ती चामड्याच्या पातळ पट्ट्यांची वेणी. शाळेत आल्यावर मी रंगीत कागदाच्या पट्ट्या दिल्या आणि तशीच तीन पदरी वेणी घालायला सांगितली. अर्ध्या तासात तीन-चार मुलांचीच वेणी सरळ आली. "काकू तर बघतसुद्धा नव्हत्या, बोलत बोलत घालत होत्या!" एक मुलगा म्हणाला. त्या मुलीच्या चेहऱ्यावर तेव्हा पहिल्यांदा हसू दिसलं.

एक कडवट गोष्टही सांगते. क्षेत्रभेटीच्या आदल्या संध्याकाळी एका पालकांचा फोन आला. "बाई, मुलांना चामड्याच्या कामाजवळ कशाला नेताय?" मी सांगितलं की ज्या संस्थानात शाहू महाराजांनी १९०२ साली मागास समाजासाठी नोकऱ्यांत निम्म्या जागा राखल्या आणि १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं व मोफत केलं, त्या गावच्या शाळेत हा प्रश्न मला पटत नाही. ते शांतपणे "बरं" म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा शाळेत आला नाही. असं अजून घडतं आणि आपल्याला ते माहीत असतं. म्हणून असा उपक्रम घेताना शिक्षकाने मनाची तयारी ठेवावी, पण बेत रद्द करू नये.

चामडं कसं ओळखायचं?

नवीन काम सुरू करणाऱ्याने, आणि चप्पल विकत घेणाऱ्यानेही, एवढं तरी शिकून घ्यावं :

• कापलेली कड बघा. सालीने कमावलेलं चामडं आतपर्यंत तपकिरी दिसतं. क्रोमने कमावलेल्या चामड्याच्या आतली कड बहुतेक वेळा निळसर-राखाडी असते. रेक्झिन असेल तर कडेला कापडाचा थर दिसतो.

• पाण्याचा एक थेंब टाका. सालीचं चामडं थेंब शोषतं आणि तिथे गडद डाग पडतो. रेक्झिनवरून थेंब ओघळून जातो. वरून जाड रंग दिलेल्या चामड्यावर मात्र ही परीक्षा लागू पडत नाही.

• वास घ्या. सालीच्या चामड्याला मातकट, लाकडासारखा वास असतो. प्लॅस्टिकचा वास लपत नाही.

• दुमडून बघा. चांगल्या चामड्यावर बारीक सुरकुत्या येतात आणि सोडल्यावर कमी होतात. तडा गेला तर ते चामडं घेऊ नका.

आपल्याकडे पावसाळा मोठा. चामड्याला बुरशी धरते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर जास्त चामडं भरून ठेवू नये. ठेवावंच लागलं तर भिंतीपासून लांब, फळीवर, वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवावं आणि आठवड्यातून एकदा वारा द्यावा. प्लॅस्टिकच्या पिशवीत तर कधीच बांधू नये.

फळ्यावरचा हिशेब

आता मूळ पाठाकडे येऊ. क्षेत्रभेटीत मुलांनी खर्च विचारून वहीत लिहून आणला होता. आकडेमोड सोपी व्हावी म्हणून आम्ही ते आकडे थोडे गोळाबेरीज करून घेतले. दुसऱ्या घरी, दुसऱ्या नमुन्याला ते वेगळे येतील. वेणीच्या एका जोडाचा हिशेब असा होता :

तळाचं चामडं : २२० रुपये
पट्टा व वेणीचं चामडं : ९० रुपये
वादी, दोरा, गोंडे : ३० रुपये
तेल, रंग, चिकटद्रव : २० रुपये
एकूण माल : ३६० रुपये
व्यापाऱ्याने दिलेली किंमत : ६०० रुपये

मुलांनी भराभर उत्तर काढलं. नफा २४० रुपये, शेकडा नफा ६६.६७. वर्ग खूश, मीही खूश. "बघा, किती चांगला धंदा आहे," असंही मी बोलून गेले.

तेवढ्यात त्या मुलीने हात वर केला. "बाई, आईच्या वेण्या धरल्या न्हाईत."

मी खडू हातात धरून तशीच उभी राहिले. आंब्याची पेटी घेऊन विकणाऱ्याच्या गणितात वेण्या नसतात. तिथे वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात जाते, एवढंच. इथे वस्तू घडते, आणि घडवणाऱ्याचा वेळ आम्ही कुठेच मांडला नव्हता.

मग फळ्यावर पुन्हा लिहायला सुरुवात केली. खोलीचं भाडं, वीज, हत्यारांना धार, मालाची ने-आण मिळून जोडामागे ४० रुपये. वीस जोडांत एक बिघडतो असं धरलं, तर त्याचे ४०० रुपये वीस जोडांवर वाटून प्रत्येकी २० रुपये. म्हणजे खिशातून गेलेले पैसे ३६० नसून ४२०. उरले १८०.

आता वेळ. भिजवणं, ठोकणं, कापणं, तळ बसवणं तीन तास. वेण्या दोन तास. शिवण आणि शेवटची सफाई दोन तास. एकूण सात तास. मुलांनी भागाकार केला : १८० भागिले ७. तासाला २५ रुपये ७१ पैसे.

"आमच्या शेतात भांगलायला येणाऱ्या बायकांना यापेक्षा जास्त मिळतंय," मागच्या बाकावरून आवाज आला. कुणी हसलं नाही. पण त्या मुलीने मान खाली घातली ती तास संपेपर्यंत वर केली नाही.

ही चूक माझी. सगळ्या वर्गाला माहीत होतं की घर कोणाचं. तिच्या आईवडिलांची कमाई मी फळ्यावर मांडली आणि वर्गाला तिचा भागाकार करायला लावला. हेतू कितीही चांगला असला तरी एका मुलीला तिचं घर असं उघडं पडलेलं बघावं लागलं. असा हिशेब घ्यायचा तर तीन-चार वेगवेगळ्या घरांतून आकडे आणावेत, ते मिसळून काल्पनिक कारागिराच्या नावाने मांडावेत. आता मी तसंच करते.

दुसऱ्या दिवशी तिचे वडील शाळेत आले. मला वाटलं, आता बोलणी खावी लागणार. "बसा दादा," म्हटलं आणि आधी माफी मागितली.

ते म्हणाले, "आकडा खोटा न्हाई बाई. खोटा असता तर राग आला असता. पोरीनं रात्री वही उघडून आईला दाखवली. म्हणाली, तुझं दोन तास धरल्यात." थोडा वेळ गप्प बसले. मग विचारलं, "आता किती लावू, ते सांगा."

या प्रश्नाचं उत्तर माझ्या डीएडच्या कुठल्याही पुस्तकात नव्हतं. मग आम्ही दोघं आणि वाणिज्य शिकलेला माझा भाऊ असे बसलो. त्यातून जे निघालं ते पुढे देते.

किंमत कशी लावायची?

पायरी १ : वेळ लिहा. आठवडाभर घड्याळ बघून प्रत्येक कामाचा वेळ वहीत टिपा. घरातल्या प्रत्येकाचा टिपा. आईचा, आजीचा, सुनेचा. "ती घरातच असते, तिचं काय धरायचं?" असं म्हणून जो वेळ सोडला जातो, तो व्यापाऱ्याला फुकट जातो.

पायरी २ : तासाची मजुरी ठरवा. तेवढंच कसब लागणाऱ्या दुसऱ्या कामाला आपल्या भागात काय मिळतं ते बघा. आम्ही तासाला ७० रुपये धरले. सात तासांचे ४९०.

पायरी ३ : सगळं जोडा. खर्च ४२० अधिक मजुरी ४९०, झाले ९१०. ही झाली जोडाची खरी पडती किंमत. याच्या खाली विकलं तर कागदावर नफा दिसतो, पण तो आपल्याच मजुरीतून कापलेला असतो.

पायरी ४ : मजुरी वेगळी, नफा वेगळा. मजुरी घर चालवते. नफ्यातून नवीन हत्यार येतं, मंदीचे महिने निघतात. आम्ही १५ टक्के धरले. ९१० वर साधारण १३७. म्हणजे व्यापाऱ्याला द्यायची किंमत १०५० च्या आसपास.

पायरी ५ : थेट गिऱ्हाइकाला विकताना विक्रीचा खर्च वेगळा धरा. डबा, पार्सल, फोनवर जाणारा वेळ, माप चुकून परत आलेला जोड. यासाठी १५० धरले आणि थेट किंमत १२०० ठरली.

एवढा हिशेब झाल्यावर ते हसले. "बाई, ६०० देणारा १०५० देईल व्हय?"

नाही देणार. हे मान्य करूनच पुढे जावं लागलं. मग आम्ही त्यांच्या दुसऱ्या, साध्या नमुन्याचा हिशेब केला. त्यात वेणी नाही, फक्त पट्टा. सगळा खर्च ४००, वेळ चार तास, व्यापारी देतो ५५०. उरले १५०, म्हणजे तासाला ३७ रुपये ५० पैसे. वेणीचा जोड ६०० ला जातो म्हणून इतकी वर्षं तो जास्त फायद्याचा वाटत होता. प्रत्यक्षात साधा जोड तासाला जवळजवळ बारा रुपये जास्त देत होता.

आता ते व्यापाऱ्याला साधा जोडच देतात. वेणीचा जोड थेट ऑर्डर आली तरच करतात, १२०० ला. त्यातून खर्च आणि विक्रीचे १५० वजा केले तर सात तासांचे ६३० उरतात, म्हणजे तासाला ९० रुपये. अशा ऑर्डरी महिन्याला चार-पाचच येतात. घरची परिस्थिती पालटली असं मी म्हणणार नाही. व्यापाऱ्याची उचल अजून फिटायची आहे, आणि उचल असली की भाव बोलायला तोंड राहत नाही. पण कुठल्या कामात आपण किती कमावतो हे त्यांना आता माहीत आहे.

नाव आणि खूण

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन, म्हणजे जीआय, मिळालं. ते फक्त कोल्हापूरचं नाही. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर अशा आठ जिल्ह्यांचं आहे. अर्ज दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांनी केला होता. निपाणी, अथणीकडचे कारागीरही तितकेच यात आले. मुलांना नकाशावर हे आठ जिल्हे रंगवायला द्या. राज्याची सीमा हातकामाची सीमा नसते, हे न सांगता कळतं.

मानांकन मिळालं म्हणून प्रत्येक कारागिराला आपोआप ती खूण वापरता येत नाही. त्यासाठी 'अधिकृत वापरकर्ता' म्हणून नाव नोंदवावं लागतं. फॉर्म भरायला मदत लागते, आणि इथे शिक्षकाचा मोठा उपयोग होतो. आपल्या संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळाकडे याची चौकशी करता येते. अस्सल जोड ओळखता यावा म्हणून क्यूआर कोड लावण्याचं कामही महामंडळाने हाती घेतलं आहे.

नावाचं महत्त्व मुलांना कळलं ते प्राडामुळे. जून २०२५ मध्ये इटलीतल्या मिलान शहरात या कंपनीने आपल्या फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारख्याच सँडल दाखवल्या. तेव्हा त्यात कोल्हापूरचं नाव नव्हतं. इकडे टीका झाली, महाराष्ट्र चेंबरने पत्र लिहिलं, मग कंपनीने भारतीय हस्तकलेपासून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं. जुलैत त्यांची माणसं कोल्हापुरात येऊन कारागिरांना भेटली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही महामंडळांशी करार झाला. इथे २,००० जोड बनवायचे, किंमत साधारण ८०० युरो, असं तेव्हा जाहीर झालं. "ऐंशी हजाराच्या वर?" वर्गात एकच गलका झाला.

मी मुलांना विचारलं, चामडं तेच, वेणी तीच, मग एवढा फरक कशाचा? उत्तरं आली ती मी फळ्यावर लिहून घेतली : नाव, दुकान, जाहिरात, डबा, "लोकांना वाटतं म्हणून". बरोबरच आहे. प्राडाची किंमत आपल्या कारागिराला मिळणार नाही. पण आपलं नाव आणि आपली माहिती जोडासोबत पाठवायला कुणाची परवानगी लागत नाही.

थेट विक्री करताना

घरगुती पातळीवर विकणाऱ्यांसाठी काही साध्या गोष्टी. चपलेसोबत पाकीट, किल्लीची साखळी, वहीतली खूण अशा छोट्या चामडी वस्तू करणाऱ्यांनाही याच लागू पडतात.

फोटो : सकाळच्या उजेडात, दारात, साध्या पार्श्वभूमीवर घ्या. एक वरून, एक बाजूने, एक तळाचा, एक वेणीचा जवळून. तळाचा फोटो बघूनच जाणकार गिऱ्हाईक विश्वास ठेवतं.

माप : फक्त नंबर विचारू नका. कागदावर पाय ठेवून पेन्सिलीने बाहेरची रेघ काढायला सांगा, लांबी आणि रुंदी सेंटिमीटरमध्ये मागवा. माप चुकून परत येणारे जोड यामुळे कमी होतात.

पैसे : ऑर्डर घेताना निम्मी रक्कम आगाऊ घ्या. ओळखीच्यांकडून आधी घ्या, कारण उधारी तिथेच राहते.

मुदत : चार दिवस लागत असतील तर आठ सांगा. भिजवलेलं चामडं पावसाळ्यात लवकर वाळत नाही.

खरं सांगा : तळ चामड्याचा आणि पट्टा रेक्झिनचा असेल तर तसं लिहा. एकदा फसलेलं गिऱ्हाईक फक्त आपल्याला सोडत नाही, सगळ्या कोल्हापुरीलाच सोडतं.

सोबत चिठ्ठी : नवी चप्पल चावते. ती आधी रोज तासभरच घालावी, चावते तिथे खोबरेल किंवा एरंडेल तेल लावावं. पावसात घालू नये. भिजली तर सावलीत वाळवावी, उन्हात किंवा चुलीजवळ नाही. ही चिठ्ठी आमच्या वर्गातल्या मुलांनी सुंदर अक्षरात लिहून दिली आणि तिच्या झेरॉक्स आता प्रत्येक जोडासोबत जातात. भाषा विषयातला 'सूचना लेखन' हा घटक त्यातच झाला.

ठिकाण : शहरातल्या चप्पल लाईनवर माल देणं सोपं, पण भाव बांधलेला. बचत गटामार्फत मुंबईच्या महालक्ष्मी सरससारख्या प्रदर्शनात जाता येतं. जाण्याआधी प्रवास, राहणं, बुडालेले कामाचे दिवस हे सगळं वहीत धरा, नाहीतर तिथेही नफा कागदावरच राहील.

कर : सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या पादत्राणांवर ५ टक्के आणि त्यावर १८ टक्के जीएसटी आहे. आपल्याला नोंदणी लागते का हे जाणकाराला एकदा विचारून घ्या, विशेषतः दुसऱ्या राज्यात माल पाठवत असाल तर.

योजनेबद्दल एक सूचना. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत, त्यात चर्मकार आणि पादत्राणे कारागीरही आहेत. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये विद्यावेतन, हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत आणि ५ टक्के व्याजाने आधी १ लाख, नंतर २ लाखांपर्यंत कर्ज अशी तरतूद आहे. एका कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. सीएससी केंद्रात नोंदणीची सध्याची स्थिती विचारा. कर्ज घेण्याआधी वरचा हिशेब नक्की करा. तासाला पंचवीस रुपये मिळणाऱ्या कामावर कर्ज काढलं तर हप्ताही मजुरीतूनच जाईल.

वर्गात हा उपक्रम कसा घ्यावा?

• आपल्या गावचं हातकाम निवडा. चप्पलच हवी असं नाही. कुंभाराचं मडकं, बुरुडाची सूप-टोपली, घोंगडी, आईने शिवलेली गोधडी, काहीही चालेल.
• भेटीआधी कारागिराची परवानगी घ्या. त्यांचा अर्धा दिवस बुडतो हे लक्षात ठेवा. आम्ही वर्गातर्फे दोन जोड विकत घेतले, सवलत न मागता.
• रापी, आरी मुलांच्या हाती देऊ नका. बघणं, विचारणं, मोजणं एवढं पुरे. हाताने करायचं ते कागद आणि दोऱ्याने.
• मुलांच्या गटांत काम वाटा : एक गट मालाचा खर्च लिहील, एक वेळ मोजेल, एक हत्यारांची नावं आणि चित्रं काढेल.
• वर्गात हिशेब करताना 'मजुरी' हा रकाना आधी आखून घ्या, आणि त्यात कोणाकोणाचे हात लागले ते लिहा.
• कुठल्याही एका घरचे आकडे त्या घरच्या मुलासमोर मांडू नका. माझी चूक विसरू नका.

पालकांना एक विनंती. मुलं अभ्यासाला बसली की एखाद्या दिवशी आपल्या कामाची वहीही त्यांच्यासमोर उघडा. त्यांना बेरीज-वजाबाकी करू द्या. त्यातून गणित तर पक्कं होतंच, शिवाय घरात कोण किती राबतं हेही त्यांना कळतं.

या वर्षी ती मुलगी सातवीत आहे. जूनमध्ये नवीन वर्गात मुलांनी ओळख करून दिली तेव्हा मी सहज दारात उभी होते. ती म्हणाली, "आमच्यात कोल्हापुरी पायताण करत्यात. तळ बाबा करतात, वेण्या आई आणि आजी घालतात. हिशेब मी लिहितो."

आपल्या शाळेत असा एखादा हातकामाचा हिशेब घेतलात तर तुमचा अनुभव जरूर सांगा.